तिसऱ्या मजल्यावरची अक्का

फोन आला तेव्हा मी अंगणात दात घासत होते. सकाळची शाळा होती. मुक्ताचं नाव दिसलं आणि माझा हात आपोआप भिंतीला लागला. ही माझी जुनी खोड. अवेळी फोन वाजला की मी आधी भिंत चाचपते, ती हलत नाही ना ते बघते आणि मग फोन घेते. भिंत गप्प होती. "मम्मी..." एवढंच म्हणून मुक्ता थांबली. मी ओरडलेच, "भूकंप झाला का? तू खाली आलीस का? आधी खाली ये!" तिकडून रडण्याचा आवाज आला. "भूकंप न्हाई गं मम्मी. अक्कामावशी उठंना झाली." आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. जमीन हलली नाही, लेक जिवंत आहे, एवढंच डोक्यात शिरलं. माझी बहीण गेली हे कळायला त्यानंतर किती वेळ लागला, मला आठवत नाही. मी तोंडातल्या फेसासकट तशीच पायरीवर बसून राहिले.

नांदेडहून लातूरला पोचलो तोवर अक्काला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. हृदय थांबलं होतं, झोपेतच. खाली रस्त्यावर गाडी उभी होती, मुली जिन्यावर दाटीनं उभ्या होत्या, मुक्ता माझ्या गळ्यात पडली. कुणीतरी म्हणालं, "ताई, वर चला, त्यांचं सामान बघून घ्या." मी गेले नाही. लोकांना वाटलं, दुःखानं बाईचे पाय उचलत नाहीत. माझे पाय भीतीनं उचलत नव्हते. लातुरात, स्लॅबखाली, तिसऱ्या मजल्यावर... सख्ख्या बहिणीच्या शेवटच्या खोलीतसुद्धा माझ्यानं जाववलं नाही.

अक्का म्हणजे शैलजा, माझी थोरली बहीण. आमचं गाव निलंग्याकडचं. कर्नाटक हाकेवर, म्हणून आमच्याकडे ताईला अक्काच म्हणतात. आप्पा प्राथमिक शाळेत गुरुजी. घर दगडमातीचं, हातभर रुंद भिंतींचं, वर मातीच्या छताचं माळवद. उन्हाळ्यात त्या घरात इतका गारवा असायचा की पाहुणे उठायचं नाव घ्यायचे नाहीत. अक्का दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आप्पांनी तिला लातूरला ठेवलं. तेव्हा लातुरात क्लासचं वारं नुकतं सुरू झालं होतं. खेड्यापाड्यातली हुशार पोरं लातूरला खोली करून राहायची आणि आठवड्याला एसटीनं त्यांचा डबा जायचा. आई भाकरी फडक्यात बांधून कंडक्टरच्या हवाली करायची आणि वर दम द्यायची, "बाबा, लेकराच्या हाती पडू दे, तुझ्या पोटी न्हाई."

गणपती बोळवून गाव गाढ झोपलं होतं तेव्हाच ते झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तीस वर्षांत बोलले नाही, आता कुठून लिहिणार? मला काढलं. आप्पांना काढलं. आईला काढलं, पण उशीर झाला होता. ज्या भिंतींचा आम्हाला अभिमान, त्याच तिच्या अंगावर आल्या. अक्का दुसऱ्या दिवशी मिळेल त्या ट्रकला लटकून आली. मी लहान होते, पण तिचा चेहरा मला स्वच्छ आठवतो. ती रडली नाही. तिनं माझे केस पाण्यानं धुतले, एकेका बटेतली माती काढली, वेणी घातली. सगळे म्हणाले, "पोरगी लई धीराची." तेव्हापासून आमच्या घरात कामं वाटली गेली. घाबरायचं काम माझं आणि धीराचं काम अक्काचं.

मी ते काम मन लावून केलं. पत्र्याच्या शेडमध्ये मला झोप यायची, कारण पत्रा पडला तर माणूस मरत नाही, हे मी स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मी नवऱ्याला एकच अट घातली, घर कसलंही चालेल पण वर पत्रे पाहिजेत. पुढे शाळेतली माझी नोकरी, ह्यांची किनवटच्या आश्रमशाळेतली नोकरी सुरू झाली, शेजारपाजारची सगळी घरं स्लॅबची झाली. नांदेडच्या उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे तापलेला तवा. अक्का आली की कपाळाचा घाम पुसत म्हणायची, "सुमे, भूकंपानं न्हाई मरणार तू. भाजून मरशील."

ती स्वतः मात्र थंडीकडे गेली होती. मेडिकलला लागेल असं गावाला वाटत असताना तिनं फिजिक्स धरलं. पुण्याला शिकली, परदेशात बरीच वर्षं राहिली, परत येऊन एका संशोधन संस्थेत लागली. लग्न केलं नाही. ती नेमकं काय करते हे नातेवाइकांना सांगताना माझी तारांबळ उडायची. एकदा मे महिन्यात तिला मी धरूनच बसवलं. "मला समजंल असं सांग, न्हाईतर जेवायला देत न्हाई." तिनं ओट्यावरचा अंड्यांचा ट्रे ओढला. म्हणाली, "हे बघ. आम्ही चारी बाजूंनी लेझरचा उजेड सोडतो. उजेडावर उजेड आदळला की असे खळगे तयार होतात. ह्या ट्रेसारखेच, पण डोळ्याला दिसणार न्हाईत इतके बारीक. त्यात अणू बसवायचे."

"कशाला?"

"ते काय करतात बघायला. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन कसे पळतात, कुठं अडतात, ते काही आत डोकं घालून दिसत न्हाई. म्हणून आम्ही त्यांचं मोठं सोंग उभं करतो. कधी हे अणू पाण्यासारखे वाहतात, कधी जागचे हलत न्हाईत. उजेड कमीजास्त केला की त्यांची अवस्था बदलते."

"अन् लई थंड लागतं म्हणे?"

"लई."

"किनवटच्या हिवाळ्यासारखं?" मी विचारलं. अक्का इतकी हसली की ट्रेमधलं एक अंडं खाली गेलं. मग डोळे पुसून तिनं सांगितलं की त्या थंडीपुढं अंतराळातला काळोखसुद्धा ऊबदार. तेवढी थंडी असेल तरच ते अणू आपला खरा स्वभाव दाखवतात. आणि स्वभाव लई मानी. दोन अगदी सारखे असतील तर एका खळग्यात बसणारच नाहीत. "आपल्या दोन्ही आत्यांसारखे," मी म्हणाले. "हाव," ती म्हणाली, "पण आत्या निदान जेवायला तरी एकत्र बसतात."

त्याच दिवशी ती आणखी एक बोलली होती. माझ्या कानावरून ते गेलं, मनात शिरलं नाही. एकेका खळग्यात एकेक अणू अडकून बसतो, सगळी जाळी निश्चल होते, त्या अवस्थेला कुणा इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव आहे. मी म्हणाले, "म्हणजे शेवटी शांत होतात बिचारे." अक्कानं मान हलवली. "हलत न्हाईत म्हणून शांत म्हणू नको सुमे. थंडीनं गोठलेत असंही न्हाई. हलायची ताकद असते त्यांच्यात. पण शेजारच्या खळग्यात कुणीतरी बसलेलं असतं. पाऊल टाकलं की टक्कर. म्हणून आपलं अंग चोरून बसतात." मी वरणाला फोडणी घालत होते. हं हं म्हणाले.

परदेशातल्या प्रयोगशाळेची तिची एक गोष्ट आमच्या घरात पन्नासदा तरी सांगून झाली असेल. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी एक रीत पडली होती. निजताना पेटीवर तांब्या उपडा ठेवायचा आणि त्यावर फुलपात्र. जमीन हलली की फुलपात्र खणकन पडणार आणि आपण जागे होणार. अक्कानं तिकडं गेल्या गेल्या तेच केलं. लेझरच्या भल्या मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पेल्यावर पेला. तिथल्या गोऱ्या प्राध्यापकाला वाटलं, हिंदू पूजा असेल, त्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. बऱ्याच दिवसांनी अक्काच्या डोक्यात प्रकाश पडला. ते टेबल हवेवर तरंगतं. खालून ट्रक गेला, कुणी दार आपटलं, तरी वर काही कळू नये म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. "आख्ख्या इमारतीत हादरा न कळणारी एकच जागा," ती म्हणायची, "अन् मी येडी बरोबर तिथंच पेला ठेवून भूकंपाची वाट बघून राहिले!" आम्ही पोट धरून हसायचो. इतक्या वर्षांनंतर आणि सातासमुद्रापलीकडे ही बाई अजून पेल्यावर पेला का ठेवते, हे हसताना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मुक्ताचं पहिलं वर्ष लातुरात फुकट गेलं. होस्टेलच्या मेसनं कावीळ झाली, परीक्षेत मार्क कमी पडले. पोरीला डॉक्टरच व्हायचं होतं, पुन्हा बसते म्हणाली. रिपीटरच्या बॅचला नाव घातलं. आता लातुरात अशा मुलांसोबत घरचं कुणीतरी खोली करून राहतं. कुणाची आई, कुणाची आजी, शेती भावावर सोपवून आलेला कुणाचा बापसुद्धा. दिवसभर त्या गल्ल्यांत कुकरच्या शिट्ट्या वाजतात आणि भिंतीभिंतीवर गेल्या वर्षीच्या पहिल्या आलेल्यांचे फोटो हसत असतात. ह्यांना रजा मिळेना. जायला मीच पाहिजे होते. पण क्लासच्या जवळ मिळालेली खोली तिसऱ्या मजल्यावर. आणि मधूनमधून नांदेड-लातूरकडं जमिनीतून आवाज येतात, हलकासा धक्का बसतो, पेपरात "घाबरू नका" म्हणून छापून येतं. ते वाचलं की मला जास्तच भीती वाटते. मी अक्काला फोन लावला आणि लहान पोरीसारखी रडले. ती सगळं ऐकून म्हणाली, "मी जाते. माझी रजा साठून राहिलीय."

आणि खरंच गेली. उजेडाच्या जाळीत अणू बसवणारी बाई लातूरच्या एका खोलीत गॅस, पोळपाट आणि लोखंडी खाट घेऊन बसली. बिल्डिंगमधल्या आयांना आधी आनंदाचं भरतं आलं. "मॅडम, पोरींच्या फिजिक्सच्या तेवढ्या डाउट घ्या की." अक्कानं एकदा घेतल्या. एकाच गणितावर दुपार घालवली. देवणीची पूजा, शेजारच्या खोलीतली, शेवटी हात जोडून म्हणाली, "मावशी, लई छान सांगता, पण परीक्षेत एवढं खरं विचारत न्हाईत." त्या दिवसापासून अक्कानं फक्त स्वयंपाक केला. तोही वाईट. मुक्ता फोनवर म्हणायची, "मम्मी, आज मावशीनं भाजी अशी केली की ती घन, द्रव का वायू तेच कळंना." मी हसायचे आणि मनात म्हणायचे, अक्काला कशाचंच काही वाटत नाही. ती तिथं आहे तोवर माझ्या लेकराच्या केसालाही धक्का लागणार नाही.

तेरावा झाल्यावर मुक्तानं मला सांगितलं ते असं. दिवाळीनंतर एके दुपारी जमिनीतून आवाज आला. मोठा. भांडी वाजली, खाट सरकली. मुली किंचाळत जिन्यानं खाली पळाल्या. मुक्ता चपला न घालता दारापर्यंत आली आणि मागं वळली. अक्का गॅसपुढं बसली होती. परातीत हात, समोर तवा. "मला वाटलं, मावशी किती शांत आहे. मी हाक मारली. मग हात लावला. मम्मी, तिची बोटं पिठातच वळलेली होती, उघडंनात. डोळे उघडे. दात एकमेकांवर वाजत होते. मी तिला बगलेत हात घालून ओढत खाली नेलं." खाली गर्दीत मुक्तानं तिला पायरीवर बसवलं. मग अक्का पहिलं वाक्य म्हणाली ते हे, "सुमीला सांगू नको. तिला मी धीराची वाटते."

मी मुक्तावर ओरडले. कशाला राहिली मग ती तिथं? कामून नाही आली परत? मुक्ता माझ्यापेक्षा जोरात ओरडली. "माझ्यासाठी! रोज घाबरायची ती. रोज! ट्रक गेला तरी तवा खाली ठेवायची. मी म्हणलं, चल मावशी, नांदेडला जाऊ, पत्र्याखाली बसू तिघी. तर म्हणाली, अजून एकच परीक्षा हाय." मला पहिल्यांदा अक्काच्या त्या अणूंचं बोलणं समजलं. आणि समजलं असं जिला सांगायचं ते माणूस समोर नव्हतं.

मग मुक्ता हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, आता दोन महिने राहिले. मी एकटी नाही राहू शकत तिथं. तू येणार असशील तर जाते. नसशील तर राहू दे, मी बी.एस्सी. करते." ती रागानं म्हणाली नाही. म्हणूनच मला पळून जायला जागा राहिली नाही. सतरा-अठरा वर्षं मी तिला एकच शिकवलं होतं, जमीन हलली की पळायचं. आणि तिला आयुष्यात जिथं जायचं होतं ती जागा तिसऱ्या मजल्यावर होती.

मी शाळेत बिनपगारी रजा टाकली. जिना कसा चढले ते विचारू नका. मुक्ता पुढं, मी मागं, पहिल्या वळणावर बसले, दुसऱ्या वळणावर रडले. वरच्या मजल्यावर पूजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खोली लहानशी, खिडकीपाशी अक्काची खाट. गादीवर तिच्या अंगाचा खळगा अजून होता. पहिल्या रात्री मी त्यात झोपले नाही, जमिनीवर दाराशी झोपले. पुढचे कित्येक दिवस माझा जीव कानात होता. मुक्ता क्लासला गेली की मी एकटीच छताकडं बघत बसायचे आणि स्वतःला समजवायचे की हे छत नवीन आहे, सळईचं आहे. समजूत पटायची नाही, पण वेळ जायचा. मुक्ता आली की तिला गरम वाढायचे. तीही माझ्याकडं चोरून बघायची, ही अजून आहे ना, म्हणून.

एकदा जेवताना मी विचारलं, "अक्कानं तुला फिजिक्सचं काहीच न्हाई शिकवलं?" मुक्ता म्हणाली, "एकच गोष्ट सांगायची. अडकून बसलेले अणूसुद्धा अगदीच बसून नसतात म्हणे. शेजारच्या खळग्यात क्षणभर डोकावतात अन् परत येतात. गेलेत असं म्हणता येत न्हाई, न्हाई गेले असंही न्हाई. शेजारचा उलट्या तोंडाचा असला तरच हे जमतं. अन् त्या एवढ्याशा डोकावण्यानं सगळी जाळी ओळीनं लागते, एकाचं तोंड वर, एकाचं खाली, एक वर, एक खाली. पण ते दिसायला लई लई थंडी लागते. मावशीच्या लॅबला ते दिसायला वर्षं गेली." मी ऐकत राहिले. ह्या वेळी फोडणी करत नव्हते.

परवा दुपारी आवाज आला.

मुक्ता क्लासला गेली होती. मी कणीक मळत होते. आधी वाटलं, खालून ट्रॅक्टर जातोय. मग डब्यांची झाकणं वाजायला लागली. उठायचं होतं, जिना आठ पावलांवर होता, आयुष्यभर मी ह्याच पळण्याची तयारी केली होती. पाय उठले नाहीत. मी तशीच बसून राहिले, हात परातीत... आणि मला कळलं की अक्का नेमकी इथंच बसली होती, अशीच. आवाज थांबला. गॅलरीत कुणीतरी चपला फरफटत आलं. दार एवढंसं उघडलं. पूजा होती, पांढरीफटक पडलेली. "काकू, हायेत का?" माझ्या तोंडून जेमतेम "हाय" निघालं. "बरं," म्हणाली आणि दार लोटून मागं वळली. तिच्या खोलीपलीकडच्या दाराशी तिचा तोच आवाज ऐकू आला. "हायेस का गं?" आतून, "हाव." मग त्या आतल्या मुलीनं तिच्या शेजारचं दार उघडल्याचा आवाज.

नंतर कळलं, ही अक्कानं लावलेली सवय. त्या दिवाळीनंतरच्या धक्क्यापासून. आवाज आला की पायांत बळ असो नसो, फक्त शेजारचं दार उघडायचं, विचारायचं आणि परत यायचं. पळता येत नसलं तरी एवढं जमतं, असं तिनं मुलींना सांगितलं होतं. ती गेली तरी मजल्यावर ते चालू आहे.

पण त्या वेळी मला हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आमच्या दुसऱ्या अंगाला, अगदी टोकाला, एक खोली आहे. तिथं औरादकडची एक मुलगी नवीनच आलेली, कुणाशी बोलत नाही. तिच्याकडं कुणी गेलं नव्हतं, कारण, हेही मागाहून कळलं, ते दार आमच्या खोलीच्या वाटणीचं होतं. अक्काच्या वाटणीचं. मी उठले. पिठाचे हात तसेच. गॅलरीत आले, खाली बघितलं नाही, कठड्याला धरून तिच्या दाराशी गेले आणि दार ढकललं.

पोरगी खाटेवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"हायेस का गं?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. "हाव." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "काकू, तुमचे हात लई कापून राहिलेत."

"कापू दे," मी म्हणाले. "तू हायेस ना."